इंजिनाच्या आतलं घर्षण कमी करून ॲव्हरेज खरंच वाढतं का? नाशिककरांनो, लिहा

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सातपूरला इंजिनाच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, पण सोसायटीत, लग्नकार्यात, पंपावर कुणी ना कुणी गाठतंच: "काका, ॲव्हरेज वाढायला इंजिनात काय टाकू?" पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून हा प्रश्न फारच वाढलाय. एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा इथे मांडतो, म्हणजे लेथवाले, टॅक्सीवाले, ट्रॅक्टरवाले सगळ्यांना आपापली भर घालता येईल.

आधी हिशेब. फिनलंडची व्हीटीटी आणि अमेरिकेची अरगॉन प्रयोगशाळा इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोटारींतल्या घर्षणाचा ताळेबंद मांडला. त्यातले आकडे शंभर रुपयांच्या पेट्रोलवर बसवून सांगतो. ३३ रुपये सायलेन्सरमधून गरम धुरासोबत जातात. २९ रुपये रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगावरून उष्णता म्हणून निघून जातात. हाती राहतात ३८. त्यातले ५ समोरची हवा कापण्यात संपतात आणि ३३ घर्षणात. या ३३ मध्ये टायरचे साडेअकरा, इंजिनाच्या आतले साडेअकरा, गिअरबॉक्सचे ५ आणि ब्रेकचे ५.

म्हणजे चार टायर मिळून जेवढं खातात, तेवढंच इंजिन स्वतःला फिरवण्यात खातं. आता समजा हे आतलं घर्षण एक दशांशाने उतरवलं. वाचला एक रुपया पंधरा पैसे. पण तो वाचला ३८ मधून. ३८ चं काम ३६.८५ वर आलं की धुराचा आणि रेडिएटरचा वाटाही त्याच प्रमाणात उतरतो, त्यामुळे पेट्रोलची बचत ३ टक्क्यांच्या आसपास जाते. वीसचं ॲव्हरेज देणारी गाडी २०.६ देईल. डोळ्यांत भरणारा आकडा नाही, पण गाडीच्या आयुष्यभरात हे भरपूर पेट्रोल आहे.

इंजिनातल्या साडेअकरा रुपयांची फोडही त्याच अभ्यासात आहे. साधारण ४५ टक्के पिस्टन, त्याच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) यांच्यात. ३० टक्के बेअरिंगांत. १५ टक्के वॉल्व आणि ते उघडणारा कॅम यांच्याकडे. उरलेले १० टक्के ऑइल ढवळण्यात आणि पंपात. त्यामुळे घर्षणावर काम करायचं तर पहिली नजर रिंग आणि बोअरवर जायला हवी.

माझं मत असं, की इंजिन बनवणाऱ्यांनी मेहनतीने कमी केलेलं घर्षण आपण आपल्या हाताने परत वाढवून ठेवतो. चुकीचं ऑइल, थंड चालणारं इंजिन आणि घाईत केलेलं बोअरिंग, ही तीन कारणं मी आयुष्यभर पाहत आलो. एवढं थांबवलं तरी हातात पैसे राहतात.

कसारा_फेऱ्या

काका, हिशेब एकदम पटला. माझी टूरची गाडी आहे, नाशिक-मुंबई चालूच असतं. नवीन पेट्रोल गाडी घेतली, तिच्या पुस्तकात ०डब्ल्यू-१६ ऑइल लिहिलंय. डबा ओतला तर एकदम पातळ. माझा नेहमीचा मिस्त्री म्हणतो, तू कसाऱ्याचा घाट चढतोस, २०डब्ल्यू-४० टाक म्हणजे इंजिन टिकेल. कुणाचं ऐकू?

आणि ऑइलमध्ये टाकायच्या त्या बाटल्या मिळतात, "घर्षण ५० टक्के कमी" असं वर छापलेलं असतं. त्यात काही दम आहे का?

पाथर्डी_फाटा

वाचतोय. काका, आणखी लिहा.

ट्रायबो_मुक्ता

दादा, मी घर्षण आणि वंगण याच विषयात एम.ई. केलं, आता कॉलेजात शिकवते. तुमचे दोन्ही प्रश्न दर वर्षी वर्गात येतात.

१९०२ मध्ये जर्मनीत रिचर्ड स्ट्रीबेक यांनी बेअरिंगांवर मोजमापं करून दाखवलं, की घर्षण तीन गोष्टींच्या मेळावर ठरतं: ऑइलची दाटी, वेग आणि दाब. ऑइल दाट आणि वेग जास्त असेल तर दोन धातूंमध्ये जाड थर उभा राहतो. धातू धातूला लागत नाही, पण तो थरच ओढायला ताकद लागते. थर पातळ करत गेलो की घर्षण उतरत उतरत एका तळाला येतं. त्याच्याही खाली गेलो की पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे एकमेकांना घासायला लागतात आणि घर्षण झपाट्याने चढतं. इंजिनाची रचना करणाऱ्याची सगळी धडपड त्या तळाच्या जवळ राहण्याची असते.

अडचण अशी, की एकाच इंजिनात सगळे भाग एकाच ठिकाणी नसतात. क्रँकची बेअरिंगं जवळपास कायम जाड थरावर तरंगतात, तिथे पातळ ऑइलचा थेट फायदा मिळतो. पिस्टन मधल्या प्रवासात वेगात असतो, तिथेही रिंगेखाली थर टिकतो. पण वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, आणि नेमका तेव्हाच वर स्फोटाचा दाब आणि उष्णता असते. तिथे थर जवळपास उरत नाही. जुन्या इंजिनाच्या बोअरला वरच्या बाजूला जी पायरी पडते ती त्यामुळेच.

आता तुमचं ऑइल. डब्ल्यूनंतरचा आकडा म्हणजे गरम ऑइलचा ग्रेड. १०० अंशांना १६ ग्रेडच्या ऑइलची दाटी ६.१ ते ८.२ सेंटिस्टोक असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. म्हणजे जवळपास दुप्पट. १५० अंशांना जोराच्या घासणीत मोजतात त्या कसोटीला १६ ग्रेडला किमान २.३ मिलिपास्कल-सेकंद चालतात, २०डब्ल्यू-४० ला ३.७ लागतात. तुमच्या इंजिनाची बेअरिंगं, क्रँकची पॉलिश, ऑइल पंप आणि रिंगा हे सगळं त्या २.३ च्या हिशेबाने बनवलंय. त्यात दाट ऑइल घातलं तर इंजिन लगेच बिघडणार नाही, पण ते ऑइल ढवळण्यात पेट्रोल जाईल, आणि सकाळी स्टार्ट केल्यावर कॅमपर्यंत पोचायलाही त्याला वेळ लागेल. उलट १५-२० वर्षं जुन्या, दाट ऑइलसाठी बनलेल्या इंजिनात कुणी ०डब्ल्यू-१६ टाकू नये. ती बेअरिंगं त्या थरासाठी नाहीत. गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचा दिवा लुकलुकायला लागेल. पुस्तकात जे दोन-तीन ग्रेड दिलेत त्यांतलाच घ्या. घाटासाठी वेगळं काही लागत नाही, घाट धरूनच ते लिहिलेलं असतं.

बाटलीबद्दल. काकांचाच हिशेब पुढे नेते. इंजिनातलं घर्षण खरंच निम्मं झालं असतं तर ३८ चे ३२.२५ झाले असते आणि वीसची गाडी साडेतेवीसच्या वर गेली असती. कॅफे नियमांमुळे (गाड्यांच्या सरासरी इंधनखर्चावरचे सरकारी नियम) २०२२-२३ पासून कंपन्यांना विकलेल्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास सांभाळावी लागते. एकेका टक्क्यासाठी त्या रिंगेची जाडी कमी करतात, पिस्टनच्या स्कर्टवर ग्राफाइटचा थर छापतात, कॅमखाली रोलर बसवतात. दुकानात मिळणाऱ्या बाटलीने हे काम झालं असतं तर ती कारखान्यातच ओतली गेली असती.

चांगल्या ऑइलमध्ये घर्षण उतरवणारी रसायनं आधीच असतात. मॉलिब्डेनमचं एक संयुग असतं, ते गरम झाल्यावर जिथे धातू घासतो तिथेच मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा सूक्ष्म थर धरतं. त्याच ऑइलमध्ये झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग असतं, आणि दोघांना बसायला जागा तीच. वरून तिसरं काही ओतलं की हा तोल बिघडू शकतो. टेफ्लॉनवाल्या अशाच एका उत्पादनाच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात कारवाई केली होती, कारण दाव्यांना पुरावा नव्हता.

लेथवाला_अंबड

मुक्ताताईंनी सांगितलेला थर ज्या भिंतीवर बसतो ती भिंत आम्ही करतो, म्हणून लिहितो. अंबडला बोअरिंग-होनिंगचं काम करतो.

लोकांना वाटतं बोअर आरशासारखा चकचकीत झाला म्हणजे काम उत्तम. तसा बोअर ऑइल धरत नाही. बोअरिंग बारने नुसती गोल गोल रेषांची भिंत मिळते, त्यावर होनिंगचा दगड वर-खाली आणि गोल फिरवून तिरप्या रेषांची जाळी काढावी लागते. दोन रेषांमधला कोन साधारण ४५ अंश. कोन फार सपाट झाला तर ऑइल वर राहतं आणि जळतं, फार उभा झाला तर खाली निथळून जातं आणि रिंग कोरडी चालते. टॉर्च बोअरच्या तोंडाशी आडवी धरून बघा, चांगल्या कामात जाळी वरपासून खालपर्यंत सारखी दिसते. कुठे रेषा फाटल्या किंवा एका बाजूलाच खोल गेल्या तर दगड बोथट होता.

खरा फरक पडतो शेवटच्या हाताने. आधी जाड दगडाने खोल चर काढायचे, मग अगदी बारीक दगडाने थोडेच स्ट्रोक मारून चरांमधली टोकं तेवढी कापायची. चर तसेच राहतात, ऑइल साठवायला. वरचा भाग सपाट होतो, रिंगेला चालायला. प्लॅटो होनिंग म्हणतात ते हेच. हे केलं नाही तर टोकं कापण्याचं काम नव्या रिंगेला करावं लागतं. रिंग झिजते, निघालेला चुरा ऑइलमध्ये जातो, आणि गाडीवाला म्हणतो, रनिंग (सुरुवातीचं हळू चालवणं) संपलं तरी गाडी जडच आहे.

अजून दोन गोष्टी. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो. म्हणून जमेल तिथे ब्लॉकवर जाड प्लेट ठेवून, बोल्ट कंपनीच्या टॉर्कला आवळून मग होनिंग करावं. बोअर चालताना गोल राहिला तर कमी ताणाची रिंगही ऑइल नीट खरवडते, आणि कमी ताण म्हणजे कमी घर्षण. दुसरी गोष्ट धुण्याची. होनिंगनंतर चरांमध्ये दगडाची पूड अडकलेली असते. डिझेलने किंवा रॉकेलने पुसून ती निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि कडक ब्रश. नंतर पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवायचं. करडं आलं की पुन्हा धुवायचं. फडकं पांढरं निघेपर्यंत ब्लॉक सोडायचा नाही. संध्याकाळी ब्लॉक हवा म्हणून घाई करणारं गिऱ्हाईक इथेच स्वतःचं नुकसान करून घेतं.

गोदाकाठ

लेथवाले भाऊ, मनापासून आभार. कारखान्यात आम्ही हेच यंत्राने मोजायचो. सुईचं टोक भिंतीवरून फिरवून तीन आकडे घ्यायचे: टोकांची उंची, मधला पाया आणि चरांची खोली. आरपीके, आरके, आरव्हीके. टोकांचा आकडा लहान आणि चरांचा पुरेसा, असा बोअर आम्ही पास करायचो. तुम्ही टॉर्च आणि फडक्याने तेच बघताय.

निफाडकर_द्राक्षे

माझा प्रश्न ट्रॅक्टरचा. द्राक्षबागेत खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंत आणि पुढेही फवारणी चालूच असते, डिझेलचा खर्च औषधाच्या खालोखाल. थंडीत आमच्याकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, पहाटे ट्रॅक्टर उठायला तयार नसतो. आणि फवारणीचा ब्लोअर चालवताना पीटीओचे (ट्रॅक्टरमागच्या, अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचे) फेरे लागतात म्हणून इंजिन कायम चढ्या फेऱ्यांवर. इथे घर्षण कमी करायला काही करता येतं का?

ट्रायबो_मुक्ता

दादा, तुमच्याकडे तर मोटारीपेक्षा जास्त वाव आहे. इंजिनाचं अंतर्गत घर्षण फेऱ्यांसोबत वाढतं. तेवढंच काम कमी फेऱ्यांवर, जास्त लोडवर करून घेतलं तर स्वतःला फिरवण्याचा खर्च उतरतो. ट्रॅक्टरला ५४०ई असा इकॉनॉमी पीटीओ आहे का बघा. त्यात इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवूनही शाफ्टला ५४० फेरे मिळतात. ब्लोअर ट्रॅक्टरच्या ताकदीच्या मानाने हलका असेल तर तिथेच चांगली बचत होते. जड ब्लोअर असेल आणि इंजिन दबायला लागलं तर नेहमीचाच पीटीओ वापरा.

पिंपळगावला कांद्याची ट्रॉली नेताना सपाट रस्त्यावर गिअर वर, रेस खाली. काळा धूर दिसला किंवा इंजिन थरथरायला लागलं की लगेच गिअर खाली. कमी फेऱ्यांवर फार लोड टाकला तर बेअरिंगातला थर पातळ होतो, मग मिळालेलं सगळं झिजेत जातं. कसारा घाट चढणाऱ्या मोटारींनाही हेच लागू, टर्बो पेट्रोल असेल तर जास्तच.

पहाटेच्या थंडीसाठी डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघायचा. तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. पुस्तकात परवानगी असेल तर हिवाळ्यात २०डब्ल्यू-४० ऐवजी १५डब्ल्यू-४० घाला. गरम झाल्यावर दोन्ही त्याच ग्रेडची.

निफाडकर_द्राक्षे

५४०ई आहे ताई. लिव्हरवर लिहिलेलं रोज दिसतं, आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं. माझा ब्लोअर लहानच आहे, उद्याच्या फवारणीला लावून बघतो.

कसारा_फेऱ्या

मुक्ताताई, ०डब्ल्यू-१६ च ठेवतो मग.

एक अनुभव लिहितो. आधीची डिझेल गाडी घाटात गरम व्हायची. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला आता कधी गरम होणार नाही. झालीही नाही, काटा खालच्या रेघेवरून हलायचाच नाही. पण तेव्हापासून ॲव्हरेज पडलं ते पडलंच. नंतर दुसरीकडे दाखवली तर रेडिएटर आतून निम्मा चोंदलेला निघाला. रेडिएटर साफ करून नवीन थर्मोस्टॅट टाकल्यावर गाडी पहिल्यासारखी झाली. याचा घर्षणाशी संबंध आहे का?

गोदाकाठ

शंभर टक्के आहे, आणि हा विषय निघाला याचा मला आनंद झाला. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि त्याने फार नुकसान होतं.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, म्हणून बोअरची भिंत लवकर तापते. तो काढला की पहिल्या मिनिटापासून रेडिएटर सगळी उष्णता बाहेर टाकतो आणि भिंत थंडच राहते. ५डब्ल्यू-३० ऑइलची दाटी ४० अंशांना साठ सेंटिस्टोकच्या आसपास असते आणि १०० अंशांना दहाच्या आसपास. सहापट फरक. थंड भिंतीवर रिंग दिवसभर त्या दाट ऑइलमधून ओढली जाते. वर इंधन भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, पाण्याचा अंश उडून जात नाही, ऑइल लवकर खराब होतं. कुणी थर्मोस्टॅट काढायला सांगितलं तर गाडी तिथून न्या आणि गरम होण्याचं मूळ कारण शोधा.

कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला भाजी आणायला गाडी काढणाऱ्यांनाही हेच लागू. इंजिन तापायच्या आतच बंद होतं. जवळची दोन-तीन कामं एका फेरीत करा. आणि सकाळी उभ्या गाडीत पाच-पाच मिनिटं रेस देत बसू नका. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा, चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं.

द्वारकेच्या सिग्नलचंही तसंच. उभ्या गाडीत जे जळतं त्यातून चाकाला काहीच मिळत नाही, सगळं इंजिन स्वतःवर आणि एसीवर खर्च करतं. थांबा लांबणार दिसला की बंद करा.

पाथर्डी_फाटा

काका, एक शंका. एवढा खटाटोप तीन टक्क्यांसाठी, त्यापेक्षा टायरची हवा बघणं सोपं नाही का?

गोदाकाठ

सोपं आहे आणि ते आधी करायलाच हवं. वरच्या हिशेबात टायरचे साडेअकरा रुपये इंजिनाइतकेच आहेत. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पण एक सोडून दुसरं असं इथे नाही. योग्य ऑइल दाट ऑइलपेक्षा फार महाग नसतं, आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवायला वेगळे पैसे लागत नाहीत. फरक मोजायचा असेल तर टाकी फुल टू फुल, त्याच पंपावर, आणि एका टाकीवरून मत बनवू नका. एक-दोन टक्के रहदारीतच हरवतात.

रामकुंड_रायडर

माझी १५० सीसी बाइक आहे. घरच्या कारचं उरलेलं ०डब्ल्यू-२० बाइकला टाकलं तर घर्षण कमी होईल ना?

ट्रायबो_मुक्ता

नको! बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधली घर्षण उतरवणारी रसायनं क्लचच्या प्लेटांनाही घसरवतात. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या, ग्रेड पुस्तकातला. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला एमबी चालतं आणि तिथे ॲव्हरेजला थोडा फायदाही होतो.

सिन्नर_डिझेल

उशिरा आलो. माझ्या जुन्या पिकअपचं बोअरिंग पुढच्या आठवड्यात करायचंय. ऑइल पिते, वर पायरी पण नखाला लागते. लेथवाले भाऊ, नवीन रिंगांचा गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) किती ठेवायला सांगू? एक जण म्हणतो जितका कमी तितकी कॉम्प्रेशन चांगली.

लेथवाला_अंबड

फार कमी ठेवला तर रिंग गरम झाल्यावर टोकाला टोक भिडतं आणि बोअर फाडतं. ढोबळ हिशेब बोअरच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग), पण तो फक्त अंदाज. डिझेलला आणि टर्बोला रिंग बनवणाऱ्याच्या कागदावरचाच आकडा धरायचा. रिंग बोअरमध्ये टाकून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि फिलर गेजने मोजायची. प्रत्येक सिलिंडरची वेगळी. एक मोजून बाकीच्या तशाच बसवू देऊ नका.

बोअर ओव्हरसाइज किती करणार आहात आणि रिंग सेट कोणता आणलाय ते इथे टाका. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका, प्रत्येक पिस्टन मोजूनच त्याचा बोअर करायचा असतो.

सिन्नर_डिझेल

पिस्टन परवा येतायत. आले की माप आणि रिंगच्या डब्यावरचा कागद, दोन्हींचा फोटो टाकतो.